पडवी नसलेल्या घरात

पावसामुळे शाळेला सुट्टी मिळाली की मुलांइतकाच आनंद मास्तरांना होतो, असा लोकांचा समज आहे. आमची मुन्नी चालायला लागेपर्यंत आमचाही तसाच समज होता. पहाटे शाळेचा निरोप यायचा, हवामान खात्याचा रेड अलर्ट आणि जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश. की आम्ही पुन्हा चादर ओढून घ्यायचो. गेल्या दोन पावसाळ्यांत मात्र हा निरोप वाचला की आमच्या पोटात गोळा येतो. वर्गात चाळीस मुले सांभाळता येतात. घरातली दोन सांभाळताना आमची काय अवस्था झाली, तेच आज सांगायचे आहे.

आम्ही ठाण्यात खोपटला राहतो. तिसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीतून एसटीचे आगार दिसते. बेगम परिचारिका आहेत. पाऊस कितीही कोसळो, त्यांच्या वॉर्डाला सुट्टी नसते. धाकटा भाऊ आमच्याच मजल्यावर राहतो. भावजय एका दुकानात हिशेब लिहायला जाते, म्हणून त्यांचा तीन वर्षांचा छोटू आणि आमची अडीच वर्षांची मुन्नी अशी दोघे दिवसभर एकत्र असतात. एरवी तळमजल्यावरच्या खाला त्यांना सांभाळतात. पण गेल्या वर्षी जुलैतल्या त्या दिवशी खालांच्याच उंबऱ्याला पाणी लागले होते. बेगम छत्री उघडता उघडता म्हणाल्या, "तुम्ही आहात ना घरी? मग मला काळजी नाही."

काळजी आम्हालाही नव्हती. आम्ही बी.एड. आहोत. बालमानसशास्त्राच्या पेपरात आम्हाला चांगले गुण होते. उर्दू माध्यमाच्या शाळेत गेली बारा वर्षे आम्ही सबक आखत आलो आहोत. तमहीद, एलाने-सबक, पेशकश, इआदा या क्रमाने आम्ही त्या दिवसाचाही खाका मनात तयार केला. नऊ ते दहा चित्रे रंगवणे, दहा ते अकरा ठोकळे, अकरा ते बारा चित्रांची पुस्तके, मग जेवण, मग झोप.

चित्रे रंगवणे नऊ वाजून सात मिनिटांनी संपले. दहाव्या मिनिटाला रंग भिंतीवर होते. ठोकळे सव्वानऊला संपले, कारण छोटूने ते एकेक करून खिडकीच्या ग्रिलमधून खाली सोडले आणि पाण्यात पडल्याचा आवाज ऐकून टाळ्या वाजवल्या. पुस्तकातला हत्ती मुन्नीने दोन पानांवर दोन तुकड्यांत केला. साडेनऊला आमचा दिवसभराचा सबक पुरा झाला होता आणि बाहेर पाऊस जसाच्या तसा होता.

तेव्हा आम्हाला वर्गीकरणाची आठवण झाली. लहान मुलांना दोन प्रकारचे दाणे वेगळे करायला द्यावेत, त्याने बोटांना वळण लागते, हे आम्ही प्रशिक्षणात शिकलो होतो. आम्ही डब्यातून राजमा आणि काबुली चणे काढले, एका ताटात एकत्र केले, पुढ्यात दोन वाट्या ठेवल्या. दोघेही चक्क शांत बसले. आम्ही स्वतःवर खूश होऊन चहा करायला उठलो.

चहाला उकळी येण्याआधी छोटू रडायला लागला. एक चणा त्याने नाकात घातला होता. आम्ही त्याला मांडीवर घेतले, नाकात पाहिले. दिसत होता, पण आत. रिक्षा मिळेना, कारण वंदना सिनेमापाशी पाणी भरले होते. शेवटी एका कडेवर छोटू, दुसऱ्या कडेवर मुन्नी आणि छत्री घरीच, अशा थाटात आम्ही गुडघाभर पाण्यातून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी बारीक आकडीने अर्ध्या मिनिटात चणा काढून ताटलीत ठेवला. मग म्हणाले, "घरी चिमटा घातला नाहीत, हे बरं केलंत. आत सरकला असता. आणि दाणा ओला झाला की फुगतो. काय खेळत होता?"

"वर्गीकरण," आम्ही म्हणालो.

ते हसले नाहीत. "मास्तर, या वयाच्या मुलांसमोर चणे, शेंगदाणे, बटणं, घड्याळातले ते छोटे सेल, काही ठेवून उठायचं नाही. नाकातला निघतो. श्वासनळीत गेला असता, तर इथवर यायला वेळ मिळाला नसता."

आम्ही ओलेचिंब घरी आलो. पाय थरथरत होते. मग जे सगळी घरे करतात ते आम्हीही केले. फोन काढला, इंग्रजी गाण्यांची कार्टून लावून दोघांच्या मध्ये ठेवला आणि भिंतीला टेकून बसलो. बारापासून तीनपर्यंत घरात एक आवाज नाही. पाऊस बाहेर पडत होता आणि आम्ही अल्लाचे आभार मानत होतो की कोणी तरी ही वस्तू शोधून काढली.

तीनच्या सुमारास आम्ही मुन्नीला हाक मारली. तिने पाहिले नाही. दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. छोटूने मान वळवली, तिने नाही. तिचे तोंड अर्धवट उघडे होते आणि डोळ्यांत पडद्यावरचे रंग हलत होते. त्या क्षणी आम्हाला एकाएकी तिचे शब्द मोजावेसे वाटले. अम्मी, अब्बू, दादी, पाणी, नको... जेमतेम दहा-बारा शब्द झाले. त्यातले तीन इंग्रजी होते, फोनमधले. दोन शब्द जोडून ती काहीच बोलत नव्हती.

ही गोष्ट आमच्या लक्षात आधी आली नव्हती असे नाही. बेगम दोनदा बोलल्या होत्या. "मुले उशिरा बोलतात, छोटूही उशिराच बोलला," असे म्हणून आम्ही ती बाजूला सारली होती. दुसऱ्यांची मुले असती तर आम्ही पालकांना बोलावून भाषण दिले असते.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी श्रवणचाचणी करून घ्यायला सांगितली. उशिरा बोलणाऱ्या मुलाचे कान आधी तपासावेत, म्हणाले. चाचणीचा निकाल येईपर्यंतचे चार दिवस आम्ही दोघे कसे जगलो, ते आमचे आम्हाला ठाऊक. कान ठीक निघाले. आम्ही विचारले, "आमच्या घरात तीन भाषा आहेत. आमच्या अम्मींची कोकणी, बेगम सोलापूरच्या म्हणून त्यांची दखनी, आणि बिल्डिंगमध्ये मराठी. पोर गोंधळली तर नसेल?" हा प्रश्न आम्हाला नातेवाइकांनी शिकवून पाठवला होता. डॉक्टर म्हणाले, "भाषा जास्त असल्यामुळे मूल मागे पडत नाही. भाषा कितीही असू द्या, तिच्याशी बोलणारं माणूस समोर हवं. फोन बोलतो, पण ऐकत नाही. दोन वर्षांचं मूल साधारण दोन शब्द जोडू लागतं. तीन महिने तिच्याशी बोला, मग पाहू. गरज वाटली तर वाचातज्ज्ञाकडे पाठवतो."

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे की एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी तर बरेच. आम्ही ती माहिती शाळेच्या फलकावर स्वतःच्या हाताने सुवाच्य उर्दूत लिहिली होती.

ऑगस्टमध्ये लावणी आटोपून अम्मी गावाहून आल्या. आमचे गाव महाड तालुक्यात. येताना एसटीतून सुकट, तांदळाचे पीठ आणि लाल मातीत घोळून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या घेऊन आल्या. पाऊस होताच. आमची अपेक्षा होती की त्या आता नातवंडांना जवळ घेऊन गोष्टी सांगतील. त्यांनी तसे काही केले नाही. त्यांनी घमेल्यात थोडे पाणी घेतले, आठळ्या त्यात ओतल्या आणि मुन्नीला म्हणाल्या, "माती काढ."

मुन्नी पाऊण तास आठळ्या धूत होती. एकेक आठळी घासायची, दादीला दाखवायची, दादी म्हणायच्या, "हिच्या पाठीला राहिली बघ माती." मग पुन्हा घासायची. अम्मी शेजारी सुकट निवडत होत्या आणि बोलत होत्या. ते बोलणे मुद्दाम मुलीसाठी नव्हते; सुकटाचा भाव, गावच्या विहिरीचे पाणी, मांजर आले का, दार लोटले का. दुपारी भाकरीची उकड काढली. निवलेल्या पिठाचा एक गोळा तिला, एक छोटूला. संध्याकाळी दोरीवरचे कपडे खाली काढून ढीग घातला: "ओला तिकडे, सुका इकडे." आम्ही पाहत राहिलो. हेच ते वर्गीकरण! फक्त ते नाकात जात नव्हते, आणि अम्मी चहा करायला उठत नव्हत्या.

रात्री आम्ही विचारले, "अम्मी, आम्ही सहा भावंडं. चार महिने पाऊस. तुम्ही आम्हाला कसं खेळवायचात?"

त्या म्हणाल्या, "खेळवीत बसायला वेळ कोणाला होता? पोरं पडवीत असायची."

पडवी! तो शब्द ऐकला आणि आम्हाला सगळे डोळ्यांसमोर दिसू लागले. कोकणातल्या घराची पडवी म्हणजे धड घर नव्हे, धड अंगण नव्हे. पावसाच्या बाजूला झाप लावलेले असायचे, त्यांच्या फटीतून पागोळ्या दिसायच्या. एका कोपऱ्यात चाचा सुंभ वळत बसलेले, दुसऱ्या कोपऱ्यात जाते, शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर धाकट्याची दुपटी वाळत टाकलेली. आम्ही सुंभाच्या काथ्यात गुरफटायचो, चाचा ओरडायचे, मग तोच काथ्या धरून ठेवायचे काम द्यायचे. आम्हाला कोणी खेळ शिकवला नाही. पण दिवसभर कोणी ना कोणी हाताच्या अंतरावर काही तरी करत असायचे आणि करता करता आमच्याशी बोलायचे. आमची भाषा तिथे आली. मदरशात आणि शाळेत ती फक्त लिहायला शिकलो.

शहरातही अशी पडवी एकदा आम्ही पाहिली आहे. 2005 साली आम्ही अकरावीसाठी खोपटला चाचांच्या चाळीत राहायला आलो होतो. 26 जुलैचा मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलीमीटर पाऊस पडल्याचा आकडा नंतर सगळ्यांना पाठ झाला. आम्हाला त्या दिवशी एवढेच कळत होते की दिवे गेले आहेत आणि चाळीच्या तळमजल्यात पाणी चढते आहे. खालच्या खोल्यांतली माणसे सामान वर चढवत होती. त्यांची लहान मुले, पाच-सहा असतील, वरच्या गॅलरीच्या टोकाला राहणाऱ्या एका आजीच्या खोलीत आणून सोडली. त्यात आमच्या मोहल्ल्यातली होती, तिच्या वाडीतली होती. आई-बाप खाली पाण्यात, काळोख, मुलांनी एकच गलका केला होता. आजीने कंदील उंच खुंटीला टांगला आणि भिंतीवर हाताची सावली पाडली. हरीण, कुत्रा, मोर. मग ती थकली तेव्हा तिने आपल्या जुन्या लुगड्यांचे गाठोडे सोडले आणि मुलांना घड्या घालायला लावल्या. घातलेली घडी ती हळूच मोडायची आणि पुन्हा पुढे करायची. रात्रभर घड्या चालल्या. एकेक मूल लुगड्यावरच झोपी गेले. ती चाळ आज नाही. तिथे लिफ्टची इमारत आहे. गॅलरी मात्र कोणाच्याच वाट्याला आलेली नाही.

आणि गंमत अशी की हे सगळे आम्ही परीक्षेत लिहून आलो होतो. मारिया माँटेसरींनी आपले पहिले बालगृह 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत सुरू केले. आई-बाप कामाला गेल्यावर इमारतीत मोकाट राहणारी लहान मुले भिंती खराब करतात, त्यांना कुठे तरी बसवा, एवढीच इमारतवाल्यांची अपेक्षा होती. म्हणजे आमच्या बिल्डिंगसारखीच तक्रार! त्या मुलांना माँटेसरींनी ओतणे, पुसणे, झाडणे, बटणे लावणे अशी खरीखुरी कामे दिली. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. तेव्हा हा सगळा भाग आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. 2014 पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. महागड्या साधनांऐवजी त्यांनी शिंपले, बिया, पाने, जे भोवती असेल ते वापरले. या मजकुराला आम्हाला दहापैकी आठ गुण मिळाले होते. पण आठळ्यांचे घमेले पाहीपर्यंत त्याचा अर्थ आम्हाला कळला नव्हता.

आपल्या घरांत मूल चार वर्षे चार महिने चार दिवसांचे झाले की बिस्मिल्ला करण्याची रीत आहे. शिरनी वाटतात, फोटो काढतात. तालीम तेथून सुरू झाली असे आपण धरतो. पहिलीच्या वर्गात आमच्यासमोर जी मुले येतात, त्यांच्याकडे पाहून आम्हाला आता वाटते की खरी सुरुवात त्याच्या फार आधी, स्वयंपाकघराच्या फरशीवर होऊन गेलेली असते. 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा जी मुले मुन्नीएवढी होती, ती पुढे आमच्या वर्गात आली. त्यातली काही जण प्रश्न विचारला की आमच्या तोंडाकडे नुसती पाहत राहत. ती मंद नव्हती. त्यांना उत्तराची वाट पाहणारे माणूस फार कमी भेटले होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, ही चांगली गोष्ट झाली. पण पायाच्या खालची जमीन तीन वर्षांच्या आतली असते आणि ती सरकारच्या नव्हे, आपल्या ताब्यात असते.

आमच्या जलशांत एक वाक्य हमखास ऐकू येते: आईची मांडी हा मुलाचा पहिला मदरसा. आम्हीही ते भाषणात वापरले आहे. वाक्य खरे आहे, पण ते म्हणून झाले की आपण सगळे पुरुष मोकळे होतो. त्या मदरशाची मुअल्लिमा सकाळी सातला ड्युटीवर जाते, दुकानात हिशेब लिहिते, रात्री भांडी घासते. तिने फोन दिला तर तिला बोल लावायला आपण पुढे. बापाच्या मांडीचे काय? पावसाच्या एका दिवसात आम्ही साडेनऊलाच हरलो होतो. खाला, बेगम, भावजय रोज हरत नाहीत, याचा हिशेब आम्ही कधी केला नव्हता.

आता पावसाची सुट्टी आली की आम्ही खाका काढत नाही. घरातले जे काम असेल ते जमिनीवर बसून करतो आणि दोघांना त्यात घेतो. भाकरी आम्हाला येत नव्हती, शिकलो. गोल होत नाही, पण पिठाचा गोळा सगळ्यांना मिळतो. कपड्यांचे ढीग लावतो. टोपात दोन बोटे पाणी घेऊन त्यांना पेल्याने ओतू देतो, मात्र उठायचे झाले तर आधी टोप रिकामा करतो. गळतीखाली भरून ठेवलेल्या बादल्याही आता उघड्या ठेवत नाही. एवढ्या लहान मुलाला बादलीभर पाणीसुद्धा बुडवू शकते. ग्रिलवर वाटी ठेवून पाऊस किती भरला ते पाहतो. संध्याकाळी दिवे गेले तर बॅटरी लावून सावल्या पाडतो. आम्हाला हरीण जमते, मोर अजून जमत नाही. चादरीचा तंबू होतो, त्यात आम्ही मावत नाही, हीच त्यातली मजा. भिंतीवरचे रंग तसेच आहेत. फोन कपाटात असतो. कधी कधी बाहेर येतोही, आम्ही माणसेच आहोत. पण तेव्हा आम्ही शेजारी बसतो आणि काय चालले आहे ते तिला विचारतो. दमायला होते. शाळेत सहा तास शिकवून जेवढे होत नाही तेवढे होते. खोलीला पडवी नाही. तेव्हा पडवी आपणच व्हायचे, असे आम्ही ठरवले आहे.

सप्टेंबरच्या शेवटी अम्मी कापणीसाठी गावी गेल्या. डॉक्टरांनी दिलेले तीन महिने संपायचे होते. नवे शब्द येत होते, पण सुटे सुटे. त्या दिवशी परतीचा पाऊस जोरात होता. आम्ही आणि मुन्नी खिडकीत उभे होतो. आगारातून एक लालपरी बाहेर पडली, वळली आणि पाणी उडवत दिसेनाशी झाली. मुन्नीने ग्रिल दोन्ही हातांनी धरले होते.

"एत्ती गेली," ती म्हणाली.

आम्ही काही बोललो नाही. आमच्याच्याने बोलवले नाही. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिले. उत्तराची वाट पाहत होती.

"कुते?"

ती गाडी कुठे निघाली होती, ते आम्हाला माहीत नव्हते. पाटी दिसली नव्हती. आम्ही म्हणालो, "महाडला. दादीकडे."